आबा बरोबर बोलतात, तरी मशीन विकू नका

पत्र आधी थोडक्यात देतो. त्यातलं सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरच्या आकड्यांवर चालणारं कोरायचं मशीन, ३०१८ हे त्याचं मॉडेल, आणि बिट म्हणजे त्याचं फिरतं कापायचं पातं.

"दादा नमस्कार. मी कुडाळजवळच्या एका गावात राहते, शाळेत चित्रकला शिकवते. सहा महिन्यांपूर्वी साठवलेल्या पैशातून ३०१८ चं छोटं सीएनसी मशीन घेतलं. घरच्या घरी नेमप्लेट, किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या, देवघराच्या छोट्या कमानी असं काहीतरी करावं म्हणून. आत्तापर्यंत पाच बिट मोडले. गणपतीचं थ्रीडी डिझाईन डाउनलोड करून फणसाच्या फळीवर लावलं तर चौथ्या तासाला लाइट गेली, परत चालू केल्यावर सोंड भलतीकडेच. मराठी नाव टाकलं की अक्षरं फुटतात, 'श्रीकृपा' लिहिलं तर पाय मोडका श वेगळा आणि र वेगळा. जे कोरलं जातं त्याच्या कडा केसाळ येतात. माझे सासरे, आम्ही आबा म्हणतो, चाळीस वर्षं सुतारकाम करतायत. ते दिवसातून एकदा तरी येऊन म्हणतात, 'मशिनीक लाकूड काय कळतला?' आता मलाही तसंच वाटायला लागलंय. विकून टाकू का? – भुशात बसलेली, सिंधुदुर्ग."

ताई, सोंडेचं वाचून हसू आलं, माफ करा, पण माझ्या माळ्यावर अशा फळ्यांचं एक पोतंच आहे म्हणून हसलो. आणि आबा बरोबरच बोलतायत हो. मशीनला लाकूड काय, काहीच कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात, एक्स (डावं-उजवं) इतका वाय (पुढे-मागे) इतका झेड (वर-खाली) इतका, मध्ये लाकूड असो नाहीतर तुमचं बोट. लाकूड कळायचं काम तुमचं. तुम्ही सहा महिने मशीन शिकायला बघताय आणि लाकूड कळणारा माणूस तुमच्याच पडवीत बसलाय. पण त्याच्याकडे नंतर येतो, आधी बिटांचं बघू, पाच मोडले म्हणजे चांगलाच खर्च झाला असणार.

मशीनबरोबर जी प्लॅस्टिकची डबी येते, त्यात दहा बारीक सुईसारखे बिट असतात, टोक ०.१ मिलिमीटरचं, २० किंवा ३० अंशाचे, तेच वापरलेत ना? ते लाकडाचे नाहीतच. ते सर्किट बोर्डावरचा तांब्याचा पातळ थर खरवडायला असतात. लाकडात एक गाठ लागली की टोक गेलं, आणि टोक गेलंय हे डोळ्याला दिसतही नाही, तुम्ही बसता तोच बोथट बिट ढकलत. ती डबी बाजूला ठेवा. घ्यायचे फक्त दोन, पण बरे घ्या: एक ६० अंशाचा व्ही बिट, म्हणजे टोकाकडे निमुळता, आणि एक ३.१७५ मिलिमीटरचा दोन धारांचा सपाट एंड मिल, दोन्हीचा दांडा ३.१७५ चा म्हणजे तुमच्या कोलेटमध्ये (बिट धरणाऱ्या चिमट्यात) बसेल. गोल टोकाचा बॉल नोज आत्ता घेऊ नका, घेतला की गणपती करावासा वाटणार.

कोलेट आधी नटमध्ये 'टक्' आवाज येईपर्यंत बसवायचं, मग नट स्पिंडलला (मोटरच्या फिरत्या दांड्याला) लावायचा, मग बिट घालायचा. बरेच जण कोलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळतात, मग बिट वाकडा फिरतो, एक धार सगळं काम करते आणि दुसरी नुसती फिरत बसते. बिट निदान १५ मिलिमीटर आत जाऊ दे. लांब बाहेर काढलेला बिट म्हणजे लांब काठीने कुलूप उघडणं.

आता वेग. तुमच्या मशीनची मोटर साधारण नऊ-दहा हजार आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या, देते असं धरा. दोन धारा, प्रत्येक धारेने दर फेरीला ०.०३ मिलिमीटरचा कपचा काढावा असं ठरवलं तर १०००० गुणिले २ गुणिले ०.०३, म्हणजे फीड (बिट पुढे सरकायचा वेग) ६०० मिलिमीटर प्रति मिनिट. नवीन लोक काय करतात, भीतीपोटी फीड १०० वर ठेवतात, त्यांना वाटतं हळू म्हणजे सुरक्षित. तसं नाहीये. हळू नेलं की धार कापत नाही, घासते, घासलं की तापते, तापली की लाकूड काळं पडतं आणि धार मरते. खाली काय पडतंय ते चिमटीत धरून बघा. बारीक कपचे पडत असतील तर ठीक, मैद्यासारखी पूड आणि जळका वास असेल तर फीड वाढवा नाहीतर बिट बदला. भीती वाटत असेल तर फीड नका कमी करू, खोली कमी करा. सपाट बिटाला एका थरात अर्धा मिलिमीटर खोल, बास. मोठ्या मशीनवाल्यांचे व्हिडिओ बघून एका दमात तीन मिलिमीटर घालायला जाल तर अख्खी फ्रेम थरथरेल, कारण हे मशीन फार हलकं आहे, त्याला रेटा सहन होत नाही.

आणि माझी पैज आहे की पाचातले निदान दोन बिट लाकडाने नाही, क्लॅम्पने मोडलेत. बरोबर? मी मूळचा मेटलवाला, भोसरीत अकरा वर्षं व्हीएमसीवर (धातू कापायच्या मोठ्या सीएनसीवर) सेटर होतो, तिथे पहिल्याच वर्षी क्लॅम्पवर टूल घातलं होतं, आवाज अजून कानात आहे, सुपरवायझर काही बोलला नाही, नुसतं बघितलं, ते जास्त लागलं. तिथून सवय लागली ती आजपर्यंत आहे, नवीन प्रोग्रॅम आधी हवेत चालवायचा. झेडचा झिरो, म्हणजे मशीन जिथून उंची मोजतं ती जागा, फळीच्या वर दहा-पंधरा मिलिमीटरवर घ्यायचा आणि सगळं डिझाईन हवेत फिरवून बघायचं. कुठे क्लॅम्पवरून जातंय, कुठे फळीबाहेर जातंय सगळं दिसतं, पाच मिनिटं जातात फक्त. नेमप्लेटसारख्या पातळ पट्टीला तर क्लॅम्प लावूच नका. फळीच्या पाठीला मास्किंग टेप, खाली बेडवर (मशीनच्या पाटावर) मास्किंग टेप, दोन टेपांच्या मध्ये फेविक्विकचे चार थेंब आणि दाबून धरायचं. घट्ट बसते, काम झालं की टेप सोलून निघतो, लाकडाला डाग नाही.

थोडं मागे जाऊ, कारण मला वाटतंय तुम्ही एक पायरी गाळली. तुम्ही चित्रकलेच्या बाई ना, मग पोरांना पहिल्या दिवशी तैलरंग देता का? स्पिंडलच्या जागी स्केचपेन बांधा, रबरबँडने बांधलं तरी चालेल. कागद चिकटवा आणि मशीनला १०० मिलिमीटरचा चौकोन काढायला लावा, मग पट्टी लावून मोजा. ९८ आला किंवा १०३ आला तर मशीनच्या सेटिंगमधले स्टेप्स (एक मिलिमीटर सरकायला मोटरने किती पावलं टाकायची तो आकडा) चुकलेत, एक्सचा आकडा सेटिंगच्या यादीत १०० नंबरवर असतो, वायचा १०१, झेडचा १०२. आत्ता असलेल्या आकड्याला शंभराने गुणा आणि जेवढं मोजलं तेवढ्याने भागा, आलेला आकडा भरा. कर्णही मोजा, दोन्ही १४१.४ च्या आसपास हवेत, नसले तर फ्रेम काटकोनात नाही, आबांकडून गुन्या मागून घ्या. दोन संध्याकाळी पेनावर घालवा, फुलं काढा, नाव काढा, शाळेतल्या पोरांची नावं काढून द्या, पोरं खूश आणि बिट एकही मोडणार नाही.

आता तुमच्या अक्षरांचं, ह्याच्यावर मी स्वतः एक अख्खी दिवाळीची सुट्टी घालवलीये. मशीनबरोबर येणारी सॉफ्टवेअर इंग्रजी डोक्यात ठेवून केलेली असतात, ए च्या पुढे बी, प्रत्येक अक्षर सुटं, एकामागे एक ठेवलं की झालं. मराठी तसं चालत नाही, श ला र जोडला की श्र हे तिसरंच रूप तयार होतं, आणि ऱ्हस्व वेलांटी टाइप करताना नंतर येते पण दिसते अक्षराच्या आधी. ही जुळवाजुळव करणारी यंत्रणा त्या टेक्स्ट बॉक्समध्ये नसते. त्यात 'सिद्धिविनायक' टाइप करून बघा एकदा, वेलांट्या कुठे कुठे जाऊन बसतात ते बघून देवसुद्धा हात टेकेल.

म्हणून त्या बॉक्समध्ये मराठी लिहूच नका. इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याला जोडाक्षरं कळतात. त्यात नाव लिहा, फॉन्ट निवडा, मग पाथ मेनूत ऑब्जेक्ट टू पाथ करा, म्हणजे ते अक्षर न राहता नुसती आकृती होते, आता त्याला कोणी फोडू शकत नाही. मग अनग्रुप करा. आणि मग युनियन, म्हणजे सगळे तुकडे सांधून एक करणं. ही युनियनची पायरी विसरलात तर काय होतं सांगतो. आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ स्वतंत्र तुकडा असते आणि ती शेजारच्या अक्षराच्या शिरोरेघेवर थोडी चढलेली असते. स्क्रीनवर अखंड दिसते, पण मशीनला ते दोन वेगळे डबे दिसतात, मग जिथे दोन शिरोरेघा एकमेकींवर चढल्यात तिथे एकतर आत उभी रेघ मारते नाहीतर तेवढा चौकोन न कोरताच सोडते. शिरोरेघेत दर अक्षराला एक खुंटी उभी. ऑर्डरचं काम होतं माझं, सहा अक्षरांचं नाव, पाच खुंट्या, गिऱ्हाईक म्हणालं डिझाईन छान आहे! मी गप्प बसलो.

युनियन झालं की सेव्ह करा. तुमचं सॉफ्टवेअर एसव्हीजी घेत असेल तर तसं, नाहीतर डीएक्सएफ, दोन्ही आकृत्यांच्या फाइलचे प्रकार. व्ही बिटाने नावं कोरायची असतील तर एफ-एन्ग्रेव्ह म्हणून एक फुकट सॉफ्टवेअर आहे, दिसायला जुनाट आहे पण काम चोख करतं, त्याला डीएक्सएफ लागते.

फॉन्ट कुठला? मुक्त किंवा बालू घ्या, दोन्ही फुकट आहेत, मुंबईच्या एक टाइपने केलेत, रेघा एकसारख्या जाड असल्याने कोरायला बरे पडतात. जुन्या डीटीपीच्या, श्रीलिपीच्या वगैरे फाइल कोणी दिल्या तर त्यांच्याकडूनच आकृतीत बदलून मागा, तुमच्या कॉम्प्युटरवर त्या उघडल्या की इंग्रजी कचरा दिसेल. आणि एक बारकी गोष्ट, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का बघा, पाकळीचा ल आणि देठाचा श. कित्येक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात. इतरांना फरक पडत नाही पण नेमप्लेट दारावर वीस वर्षं राहते आणि रोज बघणारा एखादा मराठीचा मास्तर प्रत्येक गल्लीत असतोच.

जाड फॉन्टचा मोह होतो, मोदक नावाचा एक गुबगुबीत फॉन्ट आहे, फार गोड दिसतो. पण व्ही बिटाचा हिशोब असा की रेघ जितकी रुंद तितका बिट खोल जातो. ६० अंशाच्या बिटाला रुंदीच्या साधारण ०.८७ पट खोली लागते, ९० अंशाच्याला बरोबर निम्मी. म्हणजे ८ मिलिमीटर रुंद रेघ ६० ने कोरली तर जवळजवळ ७ मिलिमीटर आत, तीच ९० ने ४ मिलिमीटर. मोदकमध्ये मोठं नाव घेतलंत आणि रेघ २० मिलिमीटरची झाली तर ६० चा बिट १७ मिलिमीटर खाली जाणार, तुमची फळी १२ ची. थेट बेडमध्ये. सॉफ्टवेअरमध्ये जास्तीत जास्त खोलीचा आकडा असतो तो ३ वर बांधून ठेवा, मग तळ सपाट येतो, तो सपाट भाग तुमच्या ३.१७५ च्या बिटाने आधी काढायचा आणि कडा व्हीने.

आता माझी फजिती. मेटलमधून लाकडात आलो तेव्हा वाटायचं, आपण मायक्रॉनमध्ये काम केलंय, लाकूड म्हणजे काय. पहिली नेमप्लेट बहिणीच्या घरासाठी, सागवानाची. प्रोग्रॅम झकास, झिरो डाव्या कोपऱ्यात कागद घालून घेतला, कागद अडकला की थांबायचं, सगळं नियमात. कोरून झालं तर डावीकडची अक्षरं ठसठशीत आणि उजवीकडे जाता जाता बारीक होत शेवटचं अक्षर नुसतं खरचटल्यासारखं. मी दोन दिवस मशीन तपासतोय, बेल्ट, स्क्रू, वायरी. समोरच्या गाळ्यात एक म्हातारे सुतार होते, ते आले, फळी उचलली, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून बघितलं आणि म्हणाले, पिळलीये. झालं, इतकंच. परत गेले चहा प्यायला.

फळी उजवीकडे जेमतेम एक मिलिमीटर खाली होती. पण ६० अंशाच्या व्ही बिटाला एक मिलिमीटर खोलीचा फरक म्हणजे रेघेच्या रुंदीत सव्वा नाही पण १.१५ मिलिमीटरचा फरक, दोन-अडीच मिलिमीटरच्या रेघेला तो निम्म्याने खातो. धातूचा ब्लॉक काल होता तसाच आज असतो. लाकूड रात्रीत कूस बदलतं, आणि तुमच्या कोकणात तर जून ते सप्टेंबर ते झोपतच नाही असं समजा.

तर आता आबा. एक डोळा मिटून फळी बघणं त्यांना येतं, आणि ते कुठल्याही व्हिडिओत शिकवत नाहीत, शिकवलं तरी कळत नाही, हात धरून दाखवावं लागतं. तुम्ही त्यांच्याकडे जाऊन "मशीन कसं आहे बघा" म्हणू नका, ते सांगतील कसं आहे. फळी घेऊन जा. विचारा, ही सरळ आहे का, सुकलीये का, हिची रेष (तंतूंची दिशा) कुठून कुठे जाते. रंधा त्यांना मारू दे, निदान पहिल्या दहा फळ्यांना. दोन्ही बाजू समांतर करून दिल्या की तुमचा अर्धा त्रास तिथेच संपला. बेडवरच्या बळीच्या फळीला (कामाच्या खाली चिरे पडायलाच ठेवलेल्या) मात्र रंधा नको, ती मशीननेच सपाट करायची, मोठ्या सपाट बिटाने पाव-पाव मिलिमीटर खरवडून, म्हणजे ती मशीनच्या चालीला समांतर होते.

केसाळ कडांचं उत्तरही त्यांच्याकडेच आहे. फणस वाईट लाकूड नाही, उलट मला तो पिवळा रंग फार आवडतो आणि वर्षं जातील तसा तो तांबूस होत जातो, पण बऱ्याच फळ्यांत रेष एका दिशेने जात नाही, पट्टा इकडे पट्टा तिकडे, मग बिट एका बाजूला गुळगुळीत कापतो आणि दुसऱ्या बाजूला तंतू उपटतो. त्यात ओल असली तर विचारूच नका. शिकायला शिवणीचं लाकूड बघा. हलकी, एकसारखी, पिळत कमी आणि कोरायला लोण्यासारखी, वखारीत विचारा किंवा आबांच्या ओळखीने मिळेल. आंबाही चालतो, तुमच्या शेजारी सावंतवाडीत लाकडी फळं-खेळणी पूर्वी पांगाऱ्याची व्हायची, आता आंब्याचं लाकूड वापरतात, तिथल्या कारागिरांकडे कापलेले छोटे तुकडे मिळाले तर सरावाला सोनं आहे. सागवान दिसायला राजा पण त्यात सिलिका असते, धार लवकर खातो, सरावाला नको. एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डावर) रेषच नसते म्हणून कडा छान येतात, डिझाईन तपासायला ठीक आहे, पण ती धूळ फार बारीक आणि त्यात फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाचा अंश असतो, बंद खोलीत अजिबात करू नका. पावसाळ्यात एमडीएफ फुगतं ते वेगळंच.

फणसच वापरायचा असेल तर एक युक्ती. कोरून झालं की फळी बेडवरून काढायची नाही. लाखेचं पातळ स्पिरिट पॉलिश ब्रशने खोबणीत लावा, अर्धा-एक तास वाळू द्या, उभे राहिलेले तंतू कडक होतात. मग तोच प्रोग्रॅम ०.१ मिलिमीटर खाली घेऊन परत चालवा, केस भादरल्यासारखे साफ होतात. उरलंसुरलं जुन्या टूथब्रशने. आणि खोबणीत काळा रंग भरणार असाल तरी आधी लाखेचा हात हवाच, नाहीतर रंग रेषेरेषेने बाहेर पळतो आणि अक्षराला मुळं फुटल्यासारखी दिसतात.

गणपतीकडे येऊ. रागावू नका पण तो सध्या माळ्यावर ठेवा. हिशोब बघा, १०० बाय १५० मिलिमीटरचा छोटा गणपती, फिनिशिंगला दोन ओळींत ०.२ मिलिमीटर अंतर धरलं तर ५०० ओळी, प्रत्येक १५० ची, म्हणजे ७५ मीटर चाल. फीड ८०० ठेवला तरी दीड तासाच्या वर फक्त फिनिशिंग, त्याआधीची ढोबळ कोराई म्हणजे रफिंग वेगळं. तुमची फळी मोठी होती म्हणून चार तास लागले. त्या चार तासांत काहीही होऊ शकतं. लाइट जाते, लॅपटॉप झोपतो, अपडेट मागतो, कोणीतरी मिक्सर लावतो आणि यूएसबीचं कनेक्शन तुटतं. छोट्या व्ही-कार्व्हच्या कामाला वीस मिनिटं लागतात, बिघडलं तर दुसरी पट्टी घेतली. चार तासांनी बिघडलं की माणूस मशीन विकायच्या जाहिराती बघायला लागतो.

लाइटवर उपाय आहे. तुमच्या मशीनला होमिंगचे स्विच (मशीनला सुरुवातीची जागा सांगणारे) बहुतेक नसतील, त्यामुळे वीज गेली की ते आपण कुठे आहोत हे साफ विसरतं, जिथे असेल तिथेच शून्य समजतं. म्हणून काम सुरू करायच्या आधी डिझाईनच्या बाहेर, बळीच्या फळीवर, व्ही बिटाचं टोक टेकवून दोन मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि एक्स-वायचा झिरो तिथेच घ्या. वीज आली की टोक हाताने त्या भोकात आणून बसवा, तिथे झिरो करा, कागदाने झेड घ्या, परत पहिल्यापासून चालवा. झालेल्या भागावर बिट हवेतूनच जातो, नुकसान काही नाही, थोडा वेळ जातो. लॅपटॉपचं स्लीप बंद करा, आणि शक्यतो त्यावेळी त्याच्यावर मालिका बघू नका.

अंगावरचं सांगतो, थट्टा नाही. ओढणी, पदर, मोकळे केस, लोंबतं मंगळसूत्र, काही नको. हातमोजेही नको, लोकांना वाटतं हातमोज्याने हात वाचतो, फिरत्या बिटाने मोज्याचा धागा धरला की हातच ओढला जातो. गॉगल हवा, एन ९५ मास्क हवा, आणि मशीन चालू ठेवून "भात लावून येते" नको. बिट एका जागी अडकून फिरत राहिला तर भुसा पेटू शकतो.

आबांच्या वाक्यात अजून एक खरं आहे ते मान्य करून टाका. तुमचं मशीन वरून खाली बघतं, तीन अक्षांचं आहे, पानाच्या खालची बाजू, फुलाच्या पाकळीमागची पोकळी त्याला दिसतच नाही. पुण्यात आलात तर विश्रामबाग वाड्याचं दर्शनी लाकूडकाम बघा, वाडा दोनशे वर्षांपूर्वीचा आहे, कोरीवकाम सगळं हाताचं. ते पटाशीचं काम. तुमच्या देवघराच्या कमानीला मशीनने वेल उठवा आणि पाकळ्यांच्या कडा आबांना पटाशीने खालून सोडवायला द्या, करून बघा, कोणी सांगेल का मशीनवर झालंय म्हणून. त्यांनी नाही म्हटलं तर तशीच कमान त्यांच्या समोर ठेवून द्या दोन दिवस. सुताराला अर्धवट कड बघवत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

ऑर्डर घ्यायची घाई नको. दहा पट्ट्या नातेवाइकांना फुकट द्या, त्यातल्या तीन पावसाळ्यानंतर वाकतील, त्या तुमच्या खात्यात.

त्या दहांनंतरचं काम मात्र मजेचं, आरपार कापलेलं नाव. इंग्रजी नाव कापलं तर प्रत्येक अक्षर सुटं होऊन पडतं, एकेक चिकटवत बसा. आपल्याला शिरोरेघ आहे, 'मातोश्री' कापा, सगळं नाव एका दोरीवर वाळत घातल्यासारखं अखंड उचलता येतं. सहा मिलिमीटरची शिवण, ३.१७५ चा बिट, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने, आणि शेवटपर्यंत हलू नये म्हणून चार-पाच ठिकाणी न कापलेले टॅब सोडा, नंतर ते पटाशीने उडवायचे. अक्षराच्या आतल्या जागा बिटापेक्षा रुंद आहेत ना ते आधी बघा, क्ष आणि ज्ञ दगा देतात. आणि नावात अनुस्वार असेल तर त्याला शिरोरेघेचा आधार नसतो, तो कापला जाताच टुणकन उडतो. इंकस्केपमध्येच त्याला एक बारीक देठ काढून शिरोरेघेला जोडा, नाहीतर भुशात शोधत बसाल. माझे आत्तापर्यंत तीन गेलेत, एक बहुतेक मांजराने नेला.